सुसान्नाच्या बागेत आपण कोणाच्या बाजूला उभे असतो?

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या राजसंग्रहातून एक बातमी आली. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या कोठारात कित्येक दशके पडून असलेले, कोणा अज्ञात फ्रेंच चित्रकाराच्या नावावर नोंदलेले एक काळवंडलेले चित्र स्वच्छ करून तपासल्यावर ते आर्टेमिझिया जेंटिलेस्की या सतराव्या शतकातील इटालियन चित्रकर्तीचे असल्याचे स्पष्ट झाले. चित्राचा विषय होता ‘सुसान्ना आणि दोन वडील’ (वडील म्हणजे इथे समाजातील ज्येष्ठ पुरुष). बातमीसोबतचे छायाचित्र पाहून अनेकांच्या मनात जो प्रश्न आला असेल, तो अगदी साधा आहे. कथा बायबलमधली, आणि चित्रात मात्र जवळजवळ विवस्त्र स्त्री आणि तिच्यावर झुकलेले दोन पुरुष. याला धार्मिक चित्र कसे म्हणायचे?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सुसान्नापुरते मर्यादित नाही. त्या काळात बायबलमधील स्त्रियांची जी शेकडो चित्रे रंगवली गेली, त्यांतील प्रत्येक चित्र एक प्रकारचा निवाडा देते: पाप कोणाचे आणि पुण्य कोणाचे. हा निवाडा मूळ कथेतल्या निवाड्याशी जुळतोच असे नाही. पुष्कळदा तो नेमका उलटा असतो, आणि तो शब्दांत लिहिलेला नसल्यामुळे आपल्या लक्षातही येत नाही.

बरोक म्हणजे काय, आणि चर्चला चित्रे कशाला हवी होती?

साधारण १६०० ते १७५० या काळातील युरोपीय कलेला ‘बरोक’ म्हणतात. बेडौल मोत्यासाठीच्या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव आले असे मानले जाते. या शैलीची ओळख सोपी आहे: पार्श्वभूमी काळोखी, प्रकाशाचा झोत एकाच बाजूने, आणि कथेतील ऐन मोक्याचा क्षण पकडलेला. तलवार अजून मानेतच आहे, किंकाळी अजून तोंडातच आहे, असा तो क्षण असतो.

या शैलीमागे धर्मकारणही होते. प्रोटेस्टंट सुधारकांनी चर्चमधील मूर्ती आणि चित्रांवर हल्ला चढवल्यानंतर कॅथलिक चर्चने ट्रेंट येथे १५४५ ते १५६३ या काळात धर्मपरिषद भरवली. तिच्या अखेरच्या बैठकीत ठरले की चित्रे हवीतच, कारण ती सामान्य माणसाला शिकवतात. मात्र त्यांत कामुकता असता कामा नये. ज्याला जे कळते त्याच माध्यमातून धर्म सांगायचा, ही त्या काळच्या कॅथलिक चर्चची रीत होती. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले, तेही याच लाटेत. इटलीतल्या अक्षरशत्रू भाविकाला चित्र हीच पोथी होती.

आता पोथी सगळ्यांची एकच असली, तरी सांगणारे वेगवेगळे असतात. कीर्तनात आख्यान श्रोत्यांना तोंडपाठ असते. बुवा कुठे थांबतात, कोणाचे दुःख आळवतात आणि कोणाला दोन वाक्यांत उरकून टाकतात, यावर श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी कोणासाठी येणार हे ठरते. चित्रकाराच्या हातात तर थांबायला एकच जागा असते. संपूर्ण कथेतून तो एकच क्षण निवडतो आणि त्या क्षणी आपल्याला कुठेतरी उभे करतो. फाटकावरचा कॅमेरा कोणत्या कोनात लावला आहे यावर भांडणात पहिला हात कोणाचा उठला हे जसे ठरते, तसेच हे आहे.

मूळ कथेत दोष कोणाचा?

सुसान्नाची कथा दानीएलाच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आहे. हा भाग ग्रीक भाषेतून आलेला असल्यामुळे कॅथलिक बायबलमध्ये तो आढळतो, तर प्रोटेस्टंट परंपरेने तो मूळ ग्रंथाबाहेर ठेवला आहे. बाबेलमध्ये योआकीम नावाच्या श्रीमंत माणसाची सुसान्ना ही पत्नी. त्या वर्षी न्यायाधीश नेमलेले दोन वडील, म्हणजे समाजातील मान्यवर, तिच्यावर डोळा ठेवून असतात. एके दिवशी उकाडा असतो म्हणून ती बागेत स्नान करायचे ठरवते आणि दासींना तेल आणायला पाठवून बागेची दारे लावून घ्यायला सांगते. लपून बसलेले दोघे धावत येतात आणि सांगतात: आमच्या मनासारखे कर, नाहीतर तू एका तरुणाबरोबर होतीस अशी साक्ष आम्ही देऊ. दोन्हीकडून कोंडी झाली आहे हे तिला कळते, आणि ती ओरडते.

दुसऱ्या दिवशी न्यायसभेत दोघांची साक्ष ग्राह्य धरली जाते, कारण ते वडील आहेत आणि न्यायाधीशही आहेत. सुसान्नाला मृत्युदंड होतो. तेव्हा दानीएल नावाचा तरुण पुढे येतो आणि दोघांना वेगवेगळे करून विचारतो की तुम्ही यांना कोणत्या झाडाखाली पाहिलेत. एक म्हणतो मस्तकीच्या, दुसरा म्हणतो ओकच्या. खोटे उघडे पडते आणि मृत्युदंड त्या दोघांना मिळतो.

या कथेत संदिग्ध असे काहीही नाही. सत्ता, लबाडी आणि धमकी पुरुषांच्या बाजूला आहे आणि सुसान्ना पूर्ण निर्दोष आहे. मला मात्र या अध्यायातील एक बारीकसा तपशील सर्वात महत्त्वाचा वाटतो. न्यायसभेत सुसान्ना चेहरा झाकून येते, तेव्हा तिच्या रूपाने डोळे निववता यावेत म्हणून ते दुष्ट तिचा पडदा दूर करायचा हुकूम देतात, असे कथा सांगते. म्हणजे टक लावून पाहणे हाच या कथेत गुन्ह्याचा एक भाग आहे.

मग चित्रांत काय झाले?

चित्रकारांनी निवडला तो क्षण बहुधा न्यायसभेचा नव्हता, दानीएलाच्या चतुर उलटतपासणीचाही नव्हता. त्यांनी बाग निवडली. बरोकच्या आधीच, १५५५-५६ च्या सुमारास, व्हेनिसच्या तिंतोरेत्तोने रंगवलेली सुसान्ना आज व्हिएन्नात आहे. ती आरशात स्वतःला न्याहाळत आहे आणि तिच्या आसपास दागिने पसरले आहेत. कुंपणाआडून डोकावणारे दोघे चित्राच्या कडेला आहेत. मूळ कथेत आरसाही नाही आणि दागिनेही नाहीत. त्या काळच्या चित्रांत आरसा म्हणजे रूपाचा गर्व. शब्दही न बोलता चित्र सुचवते की बाई स्वतःच्याच रूपात गुंग होती, मग कोणी पाहिले तर नवल काय? ‘ती तिथे गेलीच कशाला’ हा प्रश्न आपल्याकडच्या चौकशांतही सर्वांच्या आधी विचारला जातो. तो इथे रंगांत विचारलेला आहे.

हा साचा पुढे टिकला. ट्रेंटनंतरच्या वातावरणात निव्वळ शृंगारचित्र घरात लावणे अडचणीचे ठरू शकत होते, पण बायबलमधल्या सती स्त्रीचे चित्र लावायला कोणाची हरकत असणार? अनेक श्रीमंत ग्राहकांना एकाच चौकटीत धर्मही मिळाला आणि नेत्रसुखही. प्रेक्षक त्या दोन वडिलांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि वर पुण्यवानही ठरला.

सतरा वर्षांच्या मुलीने काय वेगळे केले?

आर्टेमिझियाचा जन्म १५९३ मध्ये रोममध्ये झाला. वडील ओराझिओ हे नावाजलेले चित्रकार, आणि त्यांच्याच कार्यशाळेत ती शिकली. तिच्या सहीची ‘सुसान्ना’ १६१० ची आहे आणि ती आज जर्मनीत पोमर्सफेल्डन येथे आहे. हे चित्र जरा निवांतपणे पाहण्यासारखे आहे.

यात बाग जवळजवळ नाहीच. झाडे नाहीत, कारंजे नाही, आरसा नाही. सुसान्ना एका उघड्या दगडी बाकावर बसली आहे आणि तो दगड इतका थंड व कठीण रंगवला आहे की तिथे कोणी आरामात बसले असेल असे वाटतच नाही. पाठीमागे दगडी कठडा आणि त्यावरून दोन पुरुष इतके खाली झुकले आहेत की त्यांचे कपडे आणि केस तिच्या डोक्यावरच येऊन टेकतात. लाल झग्यातल्याने ओठांवर बोट ठेवले आहे. दुसरा काळ्याभोर केसांचा, म्हणजे म्हातारा मुळीच नसलेला, त्याच्या कानाशी लागला आहे. कट आपल्या डोळ्यांसमोर शिजत आहे. सुसान्नाने मान एकीकडे वळवली आहे, दोन्ही हात उलट बाजूला उचलले आहेत आणि कंबरेतून ती पिळवटून गेली आहे. तिचा चेहरा आक्रसलेला आहे. पोटावरची घडी, वळताना मानेवर पडलेल्या रेषा, सगळे दाखवले आहे.

हीसुद्धा विवस्त्रच आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. तेव्हा फरक कपड्यांचा नाही. फरक असा की इथे शरीर शोभेसाठी मांडलेले नाही, ते त्या क्षणी काहीतरी सोसत आहे. या चित्रासमोर उभे राहून डोळे निववणे अवघड जाते. कथेतला निवाडा आणि चित्रातला निवाडा इथे एक होतो.

ज्युडिथ: वीरांगना की घातकी बाई?

दुसरी गाजलेली कथा ज्युडिथची. असिरियन सेनापती होलोफर्नेस तिच्या गावाला वेढा घालतो. विधवा ज्युडिथ नटूनथटून दासीसह त्याच्या छावणीत जाते आणि तो मद्य पिऊन निजल्यावर त्याच्याच तलवारीचे दोन घाव घालून त्याचे शिर उतरवते. दासी ते शिर अन्नाच्या पिशवीत टाकते आणि दोघी गावी परततात. ग्रंथात ही देवाने घडवून आणलेली सुटका आहे.

पण रूपाच्या बळावर पुरुषाला गाठून मारणारी बाई त्या काळच्या नीतीला पेलवत नव्हती. कॅराव्हॅज्जोने १५९९ च्या सुमारास रंगवलेल्या चित्रात ज्युडिथ हात लांब ठेवून, अंग मागे घेऊन, भुवया आक्रसून तलवार चालवते, जणू हातून घडते आहे ते तिला स्वतःलाच नकोसे आहे. शेजारी सुरकुतलेली म्हातारी दासी फक्त पिशवी धरून उभी आहे. क्रिस्तोफानो अल्लोरी या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने तर कथेचा अर्थच फिरवला. सतराव्या शतकातील चरित्रकार बाल्दिनुच्ची सांगतो की त्याने आपल्या जुन्या प्रेयसीचा चेहरा ज्युडिथला दिला आणि कापलेल्या शिराला स्वतःचा. गावाला वाचवणारी विधवा प्रियकराचा जीव घेणारी निष्ठुर सुंदरी होऊन बसली.

शिर उतरवणारी ज्युडिथ आर्टेमिझियाने दोनदा रंगवली: १६१२-१३ च्या सुमाराची नेपल्समध्ये आणि १६२० च्या सुमाराची फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात. दोन्हींत दासी तरुण आहे आणि नुसती पाहत नाही. ती सारा भार टाकून होलोफर्नेसला दाबून धरते, त्याची मूठ तिच्या हनुवटीपर्यंत आलेली आहे. ज्युडिथच्या बाह्या वर सारलेल्या आहेत, एका हातात त्याचे केस आणि दुसऱ्यात तलवार. मान कापायला जोर लागतो आणि एकटीने ते काम होत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याने काढावे असे हे चित्र आहे. पाप की पुण्य हा प्रश्न ज्युडिथच्या चेहऱ्यावर दिसत नाही. हाती घेतलेले काम पुरे करण्याची एकाग्रता तेवढी दिसते.

उलट बाजूची दलीला, म्हणजे शमशोन या बलाढ्य वीराला दगा देऊन शत्रूच्या हाती देणारी बाई, मात्र चित्रकारांना सोपी गेली. रुबेन्सच्या १६०९-१० च्या सुमाराच्या चित्रात तिच्या मांडीवर शमशोन निजला आहे आणि मागे एक म्हातारी मेणबत्ती धरून उभी आहे. ती म्हातारी बायबलमध्ये नाही. तिच्यामुळे जागा कुंटणखान्यासारखी दिसते, दलीला वेश्या होती असे मात्र ग्रंथात कुठेही म्हटलेले नाही.

सगळे पुरुष चित्रकार असेच होते का?

नाही, आणि त्याचा मोठा पुरावा म्हणजे रेम्ब्राँट. बथशेबाची कथा शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. दावीद राजा संध्याकाळी गच्चीवरून फिरताना स्नान करणारी बथशेबा पाहतो, माणसे पाठवून तिला आणवतो, आणि तिला दिवस गेल्यावर तिचा नवरा उरीया याला लढाईच्या तोंडी देऊन मारवतो. नाथान संदेष्टा त्याला गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो आणि म्हणतो, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ गच्चीवर दावीद होता. बथशेबा उघड्यावर स्नान करत होती असे ग्रंथ म्हणत नाही. तरीही कित्येक चित्रांत तीच उघड्या सज्जात बसते आणि राजा दूरवर ठिपक्याएवढा दिसतो. रुबेन्सची १६३५ च्या सुमाराची ड्रेस्डेनमधली बथशेबा तशीच आहे.

रेम्ब्राँटने १६५४ मध्ये रंगवलेली बथशेबा पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. तिच्या हातात राजाचे पत्र आहे. हे पत्र चित्रकारांच्या परंपरेतले, ग्रंथातले नव्हे. वृद्ध दासी तिचे पाऊल पुसत आहे. बथशेबाची नजर पत्रावरही नाही आणि आपल्याकडेही नाही; ती खाली, कुठेतरी आत लागलेली आहे. राजाला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हटले तर नवऱ्याशी द्रोह, हा पेच ती एकटीच सोडवत बसली आहे. दावीद चित्रात नाहीच. तो जिथून पाहत असता तिथे आपण आहोत. मला वाटते, स्त्रीलाही नैतिक विचार असतो, ती केवळ मोह किंवा बळी नसते, हे इतक्या शांतपणे सांगणारे दुसरे चित्र त्या शतकात सापडणे कठीण.

त्याच वर्षी उन्हाळ्यात रेम्ब्राँटच्या घरात राहणाऱ्या हेन्ड्रिक्ये स्टॉफेल्सला ॲम्स्टरडॅमच्या चर्च मंडळाने बोलावून चित्रकाराशी व्यभिचार केल्याचा ठपका ठेवला आणि प्रभुभोजन या चर्चमधील पवित्र विधीतून वगळले. ती गरोदर होती. शिक्षा तिला झाली. या चित्रासाठी तीच बसली असावी असे पुष्कळ जाणकारांना वाटते.

रेम्ब्राँटसुद्धा त्या काळाच्या सवयींपासून मुक्त नव्हता. योसेफ आणि पोटीफरच्या बायकोची कथा ही सुसान्नाची उलटी बाजू आहे: इथे पुरुष निर्दोष आणि स्त्री खोटा आळ घेणारी. रेम्ब्राँटच्या १६३८ च्या कोरीव छापचित्रात योसेफ पूर्ण कपड्यांत तोंड फिरवून पळतो आणि पोटीफरची बायको कमरेखाली उघडी पडलेली आहे. सुसान्ना निर्दोष, तरी उघडी तीच. ही दोषी, तरी उघडी हीच. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की त्या काळाची घडण आपोआप दिसते.

हा आजचा चष्मा जुन्या चित्रांना लावणे नव्हे का?

हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. सतराव्या शतकातील माणसांना आजच्या शब्दांत जाब विचारणे योग्य नाही. पण इथे मोजपट्टी आजची नाहीच. सुसान्नाच्या कथेने दोष वडिलांना दिला आहे, नाथानाने दावीदला दिला आहे, कामुकता नको हे ट्रेंटच्या परिषदेने सांगितले आहे. चित्रे त्या काळाच्याच कसोटीवर तपासता येतात.

दुसरा आक्षेप असा की आर्टेमिझियाने चित्रांतून केवळ वैयक्तिक सूड उगवला. १६११ मध्ये वडिलांचा सहकारी चित्रकार अगोस्तिनो तास्सी याने तिच्यावर बलात्कार केला आणि १६१२ मध्ये कित्येक महिने खटला चालला, हे खरे आहे. त्याची कागदपत्रे आजही रोममध्ये आहेत. तक्रार वडिलांनी दिली होती, कारण कायद्याच्या दृष्टीने मुलीचे कौमार्य ही घराची अब्रू होती. सुइणींकडून तिची तपासणी झाली. साक्ष खरी आहे का हे पाहण्यासाठी तिच्याच बोटांना दोऱ्या आवळल्या गेल्या. लग्नाचे वचन देऊन फिरलेल्या तास्सीला उद्देशून ती तेव्हा म्हणाली की हीच तू मला दिलेली अंगठी आणि हीच तुझी वचने. तास्सी दोषी ठरला, हद्दपारीची शिक्षा त्याने जवळजवळ भोगलीच नाही.

परंतु पोमर्सफेल्डनची सुसान्ना या घटनेच्या आधीची आहे, आणि ज्युडिथ हा त्या काळी मागणी असलेलाच विषय होता. आर्टेमिझिया १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या कला अकादमीची पहिली स्त्री सदस्य झाली, नेपल्समध्ये तिने स्वतःची कार्यशाळा चालवली, ग्राहकाला हव्या तशा शृंगारिक नायिकाही रंगवल्या आणि दरावरून घासाघीस केली. १६४९ मध्ये सिसिलीतील आश्रयदाते आंतोनिओ रुफ्फो यांना तिने लिहिले की काम पाहीपर्यंत स्त्रीच्या नावावर लोकांचा विश्वास बसत नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या पत्रात, स्त्री काय करू शकते ते मी दाखवीन, असे तिने बजावले. तिची सगळी चित्रे एका जखमेत कोंबणे म्हणजे तिचे चाळीस वर्षांचे कसब नाकारणे होय.

कोठारातून निघालेले चित्र

सुसान्ना तिने पहिल्यांदा सतराव्या वर्षी रंगवली आणि बोलोन्यातील प्रतीवर तारीख १६५२ ची आहे. हॅम्प्टन कोर्टच्या कोठारात सापडलेली सुसान्ना या दोन टोकांच्या मधली, १६३८-३९ च्या सुमाराची. त्या वेळी आर्टेमिझिया लंडनमध्ये होती. चित्र स्वच्छ करताना मागच्या बाजूला पहिल्या चार्ल्स राजाच्या नावाची आद्याक्षरे डागलेली आढळली. ते करवून घेतले होते त्याची राणी हेन्रिएटा मारिया हिने, आणि जुन्या नोंदींनुसार ते व्हाइटहॉल राजवाड्यात राणीच्या खाजगी दालनात शेकोटीच्या वर टांगलेले होते. म्हणजे या सुसान्नाकडे रोज मान वर करून पाहणारे डोळे सर्वात आधी एका स्त्रीचे होते.